कोंबडा बाहेरचा, कोंबडी घरचीच



गावरान की संकरित, हा प्रश्न शेतकऱ्याला गेली साठ वर्षे विचारला जातो आहे. ज्वारीत विचारला, कपाशीत विचारला, गाईत विचारला. विचारणाऱ्याच्या पिशवीत दर वेळी विकायला काहीतरी होते आणि उत्तर देणाऱ्याच्या खिशातून दर वेळी काहीतरी गेले. आता तोच प्रश्न अंगणातल्या कोंबडीपर्यंत येऊन पोहोचला आहे. बचतगटाच्या बैठकीत तो निघतो, पंचायत समितीच्या योजनेत निघतो, मोटारसायकलला जाळ्या बांधून रंगीत पिल्ले विकत फिरणाऱ्याच्या आरोळीत निघतो.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोंबडीचा संकर करावा. नुसत्या गावरान कोंबडीच्या वर्षाच्या पन्नास-साठ अंड्यांवर कोणाचे घर चालत नाही. पण तो संकर शेतकऱ्याच्या अंगणात व्हावा, संकराची आई शेतकऱ्याची असावी आणि दरवर्षी पिल्लांसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. कोंबडा बाहेरून आणा. कोंबडी घरची मोडू नका. हे असे का, आणि हे करायचे कसे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

पिंपरी-चाकणच्या पट्ट्यातून काय दिसते

आम्ही हे लिहितो आहोत पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारी पट्ट्यातून. कोरडवाहू कापूसवाल्याला आणि ज्वारीवाल्याला या पट्ट्याचे काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. कपाशीच्या करप्यावर आपण स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी पाण्यात मिसळत आलो, ती पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची. चाकणचे नाव आपल्याला मोटारींच्या आधीपासून माहीत आहे, ते कांद्याच्या बाजारामुळे. आणि आज बीड, जालना, लातूर, यवतमाळच्या कोरडवाहू घरातला एखादा तरी पोरगा या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या कारखान्यात पाळीवर आहे.

या पट्ट्यात कोंबडीची तीन रूपे हाकेच्या अंतरावर दिसतात. पहिले रूप सरकारी. दापोडीचा पूल ओलांडला की खडकी. तिथे राज्य सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशी केंद्रे छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूरलाही आहेत. दुसरे रूप कंपनीचे. भारतातला पिंजऱ्यातल्या कोंबडीचा धंदा ज्यांनी उभा केला त्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या उद्योगसमूहाचे ठाणे पुण्यातच आहे. तिसरे रूप अंगणातले. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी कित्येकांकडे आता शेत म्हणून फक्त घरामागचा परस उरला आहे. त्या परसात, भाड्याच्या खोल्यांच्या रांगेमागे, अजूनही कोंबड्या उकिरडा उकरतात. आणि खोलीत राहणारा कामगार आखाडात गावरान कोंबडा शोधत फिरतो, ब्रॉयलरपेक्षा जास्त दाम मोजायला तयार असतो.

म्हणजे पिल्लू देणारे केंद्र आहे, धंद्याचे ज्ञान आहे, गिऱ्हाईक आहे. नाही ते एकच: शेतकऱ्याच्या हातात राहील असे बियाणे.

संकर काही नवा नाही

'गावरान म्हणजे शुद्ध आणि संकर म्हणजे भेसळ' अशी भाषा अलीकडे शहरातून ऐकू येते. ती आपण बोलू नये, कारण ती खरी नाही. जगातली पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून निघाली, हे शास्त्र जुने आहे. पण कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण तांबड्या रानकोंबड्यात नाही. तो करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरच्या रानात तो आजही आरवतो. म्हणजे कंपनीच्या पिंजऱ्यातल्या पिवळ्या पायाच्या कोंबडीतही या देशातल्या रानाचा वाटा आहे.

दुसरे उदाहरण असीलचे. आपल्याकडचा झुंजीचा असील कोंबडा इंग्लंडात गेला. तिथल्या कॉर्नवॉल परगण्यात त्याच्या रक्तातून रुंद छातीची कॉर्निश जात तयार झाली. अमेरिकेत तिचा इतर जातींशी संकर झाला आणि आजचा ब्रॉयलर निघाला. आपल्या अंगणातून गेलेली छाती आपल्यालाच पिल्लामागे पैसे मोजून परत मिळते. यात रडण्यासारखे काही नाही. धडा घेण्यासारखे मात्र आहे. ज्याने निवड केली, नोंद ठेवली आणि आई-बाप आपल्या हातात ठेवले, तो मालक झाला. ज्याने नुसते पाळले तो गिऱ्हाईक झाला.

आजी कोणाकडे आहे?

कंपनीची कोंबडी कशी तयार होते ते नीट समजून घेऊ. वर शुद्ध वाण असतात. त्यांच्यापासून आजी-आजोबा पिढी, त्यांच्यापासून आई-बाप पिढी, आणि त्यांच्यापासून शेतकऱ्याला मिळणारे पिल्लू. चार वेगवेगळ्या वाणांचे गुण या शेवटच्या पिल्लात एकत्र येतात. म्हणून ते सहा आठवड्यांच्या आत दोन किलो भरते किंवा वर्षाला तीनशेवर अंडी देते. पण त्याची पुढची पैदास केली तर ते गुण विखुरतात. कपाशीचे पहिले व्यापारी संकरित वाण, एच-४, १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेत काढले. तेव्हापासून संकरित सरकी दरवर्षी विकत घ्यावी लागते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कोंबडीचे तेच आहे. आजी ज्याच्याकडे, किल्ली त्याच्याकडे.

अंडी-धंद्यातल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट मात्र चांगली केली. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. कापूसवाल्याला हे आजवर जमले नाही. पण भाव हातात घेतला तरी पिल्लू आणि खाद्य दुसऱ्याकडूनच येत राहिले. ब्रॉयलरच्या करारात तर पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याची शेड, वीज आणि झोपमोड. किलोमागे मिळते ती वाढवणूक. या व्यवस्थेत कोणी चार पैसे मिळवत असेल तर आमची हरकत नाही. पण त्याला कोंबडीपालन म्हणू नये. ती आपल्याच शेडमधली मजुरी आहे.

अंगणातल्या कोंबडीचा रस्ता वेगळा असू शकतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतली सुमारे ३१.७ कोटी परसातली. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत परसातली संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली. फार्मवरची पाच टक्केही वाढली नाही. आणि जिथे वाढ दिसते तिथे विकणारे पोहोचतातच.

कोंबडे वाटले, पण टिकले का नाहीत?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत सरकारने गावोगाव सुधारित कोंबडे दिले. पांढरा लेगहॉर्न किंवा तांबडा ऱ्होड आयलंड रेड घ्या, गावठी कोंबडा परत द्या, अशी ती अदलाबदल होती. विचार वाईट नव्हता. पहिली पिढी चांगली निघाली. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावात पाहावे तर पुन्हा तेच गावठी पाखरू किंवा त्याहून वाईट, ना धड इकडचे ना तिकडचे.

कारणे तीन. एक, पांढरे पाखरू घारीला अर्ध्या कोसावरून दिसते आणि जड पाखरू कुत्र्यापुढे उडत नाही. दोन, लेगहॉर्न खुडूक बसत नाही. भरपूर अंडी काढण्यासाठी तो गुण माणसाने निवडीने घालवला. जिच्यात तिचे रक्त जास्त, ती अंडी घालील पण उबवणार नाही. मग पुढची पिल्ले कोण काढणार? तीन, आणि सर्वांत मोठे कारण: कोंबडे एकदा वाटले, पुन्हा आलेच नाहीत. गावातल्या संकरित कोंबड्याने संकरित कोंबडीशीच पैदास केली आणि संकराचा जोर ओसरला.

गाईशी ताडून पाहा. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था काढली आणि गाईचा संकर गावोगाव नेला. तो टिकला याचे एक कारण असे की वीर्यमात्रा शेतकऱ्याच्या दारात पोहोचत राहिली आणि नोंद ठेवली गेली. कोंबडीच्या बाबतीत दारात काही पोहोचले नाही. योजनेचे उद्घाटन झाले, फोटो निघाला, कोंबडा मेला, फाइल बंद.

पुढे वेगळी पाखरे आली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि ग्रामप्रिया, खासगी क्षेत्रातली कुरॉयलर. ही रंगीत आहेत, काटक आहेत, गावठीच्या दुप्पट ते तिप्पट अंडी देऊ शकतात. वनराजा मांस आणि अंडी दोन्हींसाठी, ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी. ती पाळू नका असे आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टी पिल्ले विकणारा सांगत नाही. ही पाखरे क्वचितच खुडूक बसतात. आणि ती स्वतःच संकरित आहेत. त्यांचा कोंबडा गावात सोडून पैदास केली तर पिल्ले एकसारखी निघत नाहीत.

मालदांडीचा धडा

ज्वारीवाल्यांना एक आठवण करून देतो. १९६४ साली सीएसएच-१ आली आणि खरीप ज्वारीत संकराने उत्पन्न वाढवले, हे खरे. पण रब्बीत काय झाले? मोहोळला १९३० च्या दशकात स्थानिक वाणातूनच निवडलेली मालदांडी ३५-१ आजही सोलापूर, मराठवाड्याच्या काळ्या रानात उभी आहे. कमी ओलीवर येते, कडबा गोड, भाकरी चांगली. कोणी परदेशातून आणली नाही. शेतकऱ्याच्याच रानातले चांगले कणीस निवडत निवडत ती झाली.

अंगणातली कोंबडी ही रब्बीची ज्वारी आहे. तिला खुराड्याबाहेर, उन्हात, घारीखाली, अर्ध्या पोटावर जगायचे आहे. तिच्यातले चांगले निवडणे हे पहिले काम, आणि संकर हे दुसरे. नंदुरबार-धुळ्याकडची बुसरा ही आपल्याच भागातली नोंद झालेली देशी जात आहे. अंडी थोडी देते, पण डोंगराळ भागातल्या आदिवासी घरांनी ती टिकवली. बाकी महाराष्ट्रातल्या गावठी कोंबड्यांना नाव नाही, म्हणून त्यांच्यात गुण नाहीत असे कोणी समजू नये.

शास्त्र थोडक्यात

कृषी महाविद्यालयात आम्ही जे शिकलो ते इथे साध्या भाषेत. पाखराचे वजन बापाकडून-आईकडून बऱ्यापैकी सरळ वारशाने येते. म्हणून वजन वाढवायचे तर निवड पुरते. दरवर्षी सर्वांत दणकट कोंबडा राखून ठेवावा. पण अंड्यांची संख्या, पिल्लांचे जगणे, आजाराला तोंड देणे या गुणांत वारसा कमी चालतो आणि संकराचा जोम जास्त दिसतो. तो जोम सर्वांत जास्त पहिल्या पिढीत असतो. पहिल्या पिढीतल्या कोंबड्याने पहिल्या पिढीतलीच कोंबडी भरली, तर पुढच्या पिढीत तो निम्मा होतो.

बरेलीजवळच्या इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिने याच तत्त्वावर पाखरे काढली. एका बाजूला कॅरी रेड हे सुधारित पाखरू आणि दुसऱ्या बाजूला देशी जात: असीलपासून निर्भीक, कडकनाथापासून श्यामा, उघड्या मानेच्या कोंबडीपासून हितकारी, उलट्या पिसांच्या कोंबडीपासून उपकारी. यातली उघड्या मानेची गोष्ट विदर्भाने लक्षात घ्यावी. त्या एका गुणाने अंगावरची पिसे बरीच कमी होतात, अंगातली उष्णता बाहेर पडते आणि चंद्रपूर-यवतमाळच्या उन्हाळ्यात पाखरू तग धरते. आपण मात्र उघड्या मानेचे पिल्लू कुरूप म्हणून आधी कापतो. उलट्या पिसांचा गुणही उन्हाळ्याला चांगला. फक्त उलट्या पिसांचा कोंबडा आणि उलट्या पिसांची कोंबडी एकत्र करू नये, पिल्ले उघडी आणि अशक्त निघतात.

गावात करायचे कसे

एका घराने हे होत नाही. दहा-पंधरा घरांनी ठरवले तर होते.

पहिले, गावातली तीन-चार घरे बीजघरे ठरवा. शेतवस्तीवरची, एकमेकांपासून आणि गावापासून लांब असलेली घरे बरी, कारण कोंबडा कुंपण मानत नाही. तिथे फक्त गावरान कोंबड्या आणि निवडलेला गावरान कोंबडा. बाहेरचे पाखरू तिथे जाता कामा नये. कोंबडी निवडताना तीन गोष्टी पाहा: नीट बसते का, पिल्ले सांभाळते का, मागचा उन्हाळा काढला का. तिच्या पायात रंगीत कडे घाला आणि अंड्यांचा हिशेब भिंतीवर कोळशाने लिहिला तरी चालेल.

दुसरे, बाकीची घरे संकराची. तिथे गावरान कोंबड्या ठेवा, गावठी कोंबडे विकून टाका आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक बाहेरचा कोंबडा सोडा. कोंबडा शुद्ध जातीचा घ्या. अंडी वाढवायची तर ऱ्होड आयलंड रेड, वजन आणि झुंजार अंग हवे तर असील. लक्षात ठेवा, कोंबडा एकदा लागल्यावर कोंबडीच्या पोटात त्याचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. म्हणून जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवडे गेल्याशिवाय त्या कोंबड्यांची अंडी उबवायला घालू नका.

तिसरे, अंडी उबवायला गावरान कोंबडीच. एकीखाली दहा-बारा अंडी, एकवीस दिवस. आलेली संकरित पिल्ले ही शेवटची पिढी समजा. नर आखाडाच्या तोंडाला विका, तलंगा अंड्यांसाठी ठेवा. त्यांची अंडी खा, विका, उबवू नका. पुढच्या वर्षीच्या गावरान कोंबड्या बीजघरातून येतील.

चौथे, कोंबडा दरवर्षी बदला. बापाखाली लेकी राहिल्या की दोन-तीन वर्षांत पिल्ले बारकी निघतात. या गावचा कोंबडा त्या गावाला, त्या गावचा पलीकडच्या गावाला, अशी जिल्ह्याच्या बैठकीत फेरी लावून घ्या. याला पैसा लागत नाही, यादी लागते. मात्र बाहेरून आलेले पाखरू दोन-तीन आठवडे वेगळे कोंडून मगच कळपात सोडा.

आणि संकर न करताही काही मिळते. गावरान कोंबडी पंधरा अंडी घालते, एकवीस दिवस बसते आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे फिरते; तोवर अंडी बंद. पिल्ले महिन्याची झाल्यावर डालग्याखाली वेगळी केली, चारा-पाणी आत दिले, तर ती लवकर पुन्हा अंड्यावर येते आणि पिल्लेही घारीपासून, मांजरापासून वाचतात. एका डालग्याने एवढे होते. त्याला अनुदानाची वाट पाहायला नको.

ज्वारी आणि सरकी

आता खर्चाचा हिशेब. गावरान कोंबडी बहुतेक पोट उकिरड्यावर, खळ्यावर, वाळवीवर भरते. संकरित तलंगेला त्यावर रोज मूठभर दाणा द्यावा लागतो. पन्नास ग्रॅम धरा, वर्षाला अठरा किलो झाले. तिने गावरानपेक्षा सत्तर अंडी जास्त दिली, तर किलोभर दाण्यामागे जवळजवळ चार अंडी पडली. तेव्हा तुमच्या गावात चार गावरान अंड्यांचे पैसे किलोभर ज्वारीपेक्षा जास्त येत असतील तर संकर परवडतो. येत नसतील तर गावरानच बरी. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या बाजाराचा करावा. दुसऱ्याने छापून दिलेला प्रकल्प अहवाल वाचून करू नये. आणि परसाची मर्यादा ओळखा. दहा-पंधरा पाखरांना परस पुरतो; पन्नास केली की विकतच्या खाद्यावर आलात.

पांढरी मालदांडी कोंबडीला चांगली. लाल-तपकिरी दाण्याच्या वाणांत टॅनिन जास्त असते, ते अंगी लागत नाही. नुसत्या ज्वारीने बलक फिका होतो. त्याला शेवगा, लसूणघास, पालेभाजीची देठे द्यावीत. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी माणसाला नको म्हणून कोंबडीला टाकू नका. १९९५ साली दख्खनच्या पठारावर अशीच भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसे आजारी पडली होती. कोंबडीचे पोट काही लोखंडाचे नाही.

कापूसवाल्यांसाठी दोन इशारे. सरकीची ढेप म्हशीला ठीक, अंड्यावरच्या कोंबडीला नको. सरकीतल्या गॉसिपॉलने बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि गिऱ्हाईक अंडे परत आणून देते. दुसरा इशारा जिवावरचा. कपाशीचे, ज्वारीचे बियाणे आता औषध चोळूनच येते. पेरणीनंतर पाखरू रानात सोडले आणि त्याने उकरून दाणे टिपले, तर संध्याकाळी खुराड्यात परत येणार नाही. पेरणीचे आठ-दहा दिवस आणि फवारणीचे दिवस कोंबड्या परसातच कोंडा. २०१७ साली यवतमाळात फवारणीने माणसे गेली. तिथे पाखराची काय कथा.

मानमोडी

एवढे सगळे केले आणि मानमोडी आली, तर आठ दिवसांत खुराडे रिकामे. हाच तो राणीखेत रोग. १९२० च्या दशकात कुमाऊँतल्या राणीखेतला आढळला म्हणून आपल्याकडे त्याला ते नाव पडले. गावरान कोंबडीला तो होत नाही, हा समज खोटा आहे. त्यावर उपचार नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीची सुई. देवीची लसही त्या सुमारास द्यावी.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर-दोनशे पाखरांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची म्हातारी ती कशी घेणार? म्हणून ती एकटीने घेतच नाही, आणि तिच्या घरातून रोग गावभर जातो. यावर उपाय एकच: अख्ख्या गावाने एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात आल्यावर, बर्फातली कुपी घेऊन घरोघर फिरायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा हे झाले तर कोणत्याही संकरापेक्षा जास्त कोंबड्या वाचतील, असे आमचे ठाम मत आहे.

बर्ड फ्लूचीही आठवण असू द्या. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक नंदुरबारच्या नवापुरात झाला आणि २०२१ साली तो तिथे पुन्हा आला. पाखरे एकाएकी पटापट मरू लागली तर बाजारात नेऊन विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

फसवणूक आणि बाजार

२०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरकडच्या कडकनाथ योजनेचे काय झाले ते राज्याने पाहिले. पिल्ले महाग विकली, अंडी-कोंबड्या परत घेण्याची हमी दिली; घेण्याची वेळ आली तेव्हा घेणारा नव्हता. त्याआधी २०१२ साली तमिळनाडूत एमूच्या नावाने हेच झाले. कडकनाथ वाईट नाही. झाबुआच्या आदिवासींनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली ती उत्तम जात आहे. वाईट आहे ती परत-खरेदीची हमी. जो पिल्लू विकण्याची घाई करतो आणि गिऱ्हाईक दाखवत नाही, त्याचा धंदा पिल्लांचा आहे, कोंबडीचा नव्हे.

खरे गिऱ्हाईक पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात आणि प्रत्येक जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत बसले आहे. पण तिथेही पिंजऱ्यातली तपकिरी अंडी गावरान म्हणून खपवली जातात. कवचाचा रंग जातीवर असतो, त्यावरून अंगण ओळखता येत नाही. म्हणून नावावर विश्वास बसेल अशी विक्री हवी: गावाचे नाव, गटाचे नाव, आठवड्याचा ठरलेला वार. ज्यांची पोरे कारखान्यात आहेत त्यांना गिऱ्हाईक शोधायला दूर जायला नको.

आणि एक गोष्ट पुरुषांनी ऐकून घ्यावी. कापसाचे पैसे कोणाच्या नावावर जमा होतात ते सांगायला नको. अंड्याचा पैसा मात्र आजवर बाईच्या हातात राहिला, कारण तो कोणाच्या हिशेबात नव्हता. उद्या कोंबडी 'प्रकल्प' झाली, अनुदान आले, की खाते नवऱ्याच्या नावाने उघडेल. हे होऊ देऊ नका. बीजघर बाईच्या नावाचे, यादी बाईच्या हातात, पैसाही तिच्याच.

बैठकीत ठरवायचे ते

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ च्या सुधारित योजनेत किमान हजार मादी पाखरांचे आई-बाप केंद्र, उबवणी यंत्र आणि पिल्ले वाढवण्याचा विभाग यांना ५० टक्के, २५ लाखांपर्यंत अनुदान ठेवले आहे. हे एकेकट्या उद्योजकाच्या हाती गेले तर गावाला पुन्हा पिल्लांचे गिऱ्हाईकच व्हायचे आहे. शेतकऱ्यांच्या गटाने आणि कंपनीने ते मागावे. जिल्ह्याला एक केंद्र, त्यात शुद्ध जातीचे कोंबडे वाढवायचे आणि गावांना पुरवायचे. सरकारी उबवणी केंद्रांकडे आपण एवढीच मागणी करू: आम्हाला दरवर्षी पिल्लांच्या पाट्या नकोत, ठरलेल्या महिन्यात चांगले कोंबडे द्या, आणि लस लहान कुपीत द्या. फुकट नको, दाम देऊ.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत. बीजघरांची यादी, गावातल्या कोंबड्यांची मोजणी आणि लसीकरणाची ठरलेली तारीख. कोंबड्यांच्या फेरीचा तक्ता त्याच बैठकीत लावू. ज्या गावाचे कागद येतील त्या गावाला पहिला कोंबडा.